मदत हवी आहे: मृत्यूसमीप अनुभवांच्या प्रश्नावलीत ‘यमदूत’ कुठे बसवायचे?

नाशिक परिसरात हृदय बंद पडून वाचलेल्यांच्या मुलाखतींसाठी मराठी प्रश्नावली तयार करायची आहे. मृत्यूसमीप अनुभव म्हणजे मरणाच्या दारातून परतलेले लोक सांगतात ते अनुभव. पाया मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांच्या १९८३ च्या मोजपट्टीचा: १६ प्रश्न, प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण ३२, ७ किंवा जास्त आले तर अनुभव मृत्यूसमीप धरतात.

घोडं अडतंय शेवटच्या प्रश्नावर: जिथून परत येणं नाही अशा सीमेपर्यंत गेलात का? स्वतः ठरवून परतल्यास १ गुण, इच्छेविरुद्ध परत पाठवल्यास २. पण संशोधक सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हनसन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या भारतीय नोंदींत यमदूत चुकीचा माणूस नेतात, चूक कळल्यावर परत सोडतात. हा माणूस स्वतः ठरवून आलेला नाही, त्याची तक्रारही नाही. याला गुण किती द्यायचे?

दुसरं, अनुभवानंतर श्रद्धेत झालेला बदल. ‘परलोक मानता का?’ हा प्रश्न इथे कुचकामी. रामकुंडावर दशक्रिया करणारा माणूस पितर, पुनर्जन्म आणि मोक्ष तिन्ही एकदम मानू शकतो. म्हणून तिन्ही वेगळे विचारायचे. तेही ‘आधी’ आणि ‘आता’ एकाच बैठकीत नको, कारण आताच्या मतानुसार जुनी आठवण वळते. हृदयरोगतज्ज्ञ पिम फान लोमेल यांच्या डच अभ्यासात २ आणि ८ वर्षांनी पुन्हा मुलाखती झाल्या, शिवाय असा अनुभव न आलेले रुग्णही तुलनेला होते. तुलनेचा गट हवाच.

‘यमदूत’ हा शब्द आपण आधी न उच्चारता तो प्रश्न कसा विचारावा? आयसीयूतल्या औषधांमुळे झालेला भ्रम वेगळा काढायला नेमकं काय विचारावं? परिचारिका आणि मानसशास्त्रवाल्यांनी जरूर लिहा.