पहिलीच्या वर्गात इंग्रजी: आधी कानावर की आधी वहीत?

पाटीपेन्सिल: जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी अकरा वर्षे पहिली-दुसरीला शिकवते आहे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. त्याआधी ते पाचवीत सुरू होत असे. इंग्रजी लवकर सुरू करण्यास माझा विरोध नाही, परंतु पहिलीचे संपूर्ण वर्ष ते केवळ ऐकण्याबोलण्याचे असावे, लिहिण्याचे नसावे, असे माझे मत आहे.

देवनागरी शिकणाऱ्या मुलाला आपण सांगतो, की अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार. त्याच महिन्यात त्याच्यासमोर 'डब्ल्यू' येतो, ज्याच्या नावात 'व' ऐकूच येत नाही, आणि 'वाय' येतो, ज्याचे नाव 'व'ने सुरू होते पण काम 'य'चे असते. 'व'ने सुरू होणारे स्वतःचे नाव एका मुलीने इंग्रजीत 'वाय'ने लिहिले, तेव्हा मी ते चूक म्हणून खोडले खरे, पण तर्क तिचा बिनचूक होता.

आनंदही याच तासाला मिळतो. घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारा एक मुलगा मराठीच्या तासाला गप्प असतो. इंग्रजीच्या तासाला मात्र 'दाराला हात लाव', 'खिडकीकडे धाव' अशा इंग्रजी सूचनांवर सर्वांच्या आधी पळतो, कारण तिथे सगळीच मुले त्याच्याइतकीच नवखी असतात.

उंबरठा: बाई, आपल्या अनुभवाचा आदर राखूनही मी असहमत आहे. आमच्याच गावातून पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जाणारे मूल बालवर्गातच शब्द लिहू लागते. ज्यांच्या घरी इंग्रजी येते, त्यांना आपले 'सावकाश' परवडेल. आमच्या घरी शाळेबाहेर इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडत नाही. मी स्वतः पाचवीत मुळाक्षरे शिकलो आणि अकरावी विज्ञानाला पुस्तक समजण्याऐवजी शब्दकोश उलगडण्यातच वर्ष गेले. वहीत काही दिसले नाही, तर शिकवले काय, हे आम्ही पालकांनी कशावरून ओळखावे?

जुना खडू: माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे दोघांच्याही धोरणांचे फळ माझ्याकडे येते. घोटाळा लवकर लिहिण्यात नाही, अक्षरांची नावे आधी घोकून घेण्यात आहे. इंग्रजीत अक्षरे २६, पण ध्वनी सुमारे ४४. मग नावापेक्षा ध्वनी आधी का शिकवू नये? मराठी मुलाची काही तयारी तर घरूनच झालेली असते: 'जग' आणि 'जीव' यांतला 'ज' एकाच अक्षराचा असूनही वेगळा उच्चारायचा, हे त्याला न शिकवता येते. तेव्हा एका अक्षराचे दोन उच्चार ही कल्पना त्याला परकी नाही. अडचण येते ती 'व'ची, कारण इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचे दोन वेगळे ध्वनी आपण एकाच 'व'त बसवतो आणि ते वळण दहावीपर्यंत सुटत नाही. आठवीत माझ्याकडे येणारी कित्येक मुले प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहून ठेवतात आणि तोच वाचतात. वर छापलेल्या अक्षरांकडे त्यांची नजर जातच नाही. (ही सवय लावणारे बहुधा आम्ही शिक्षकच.) म्हणून वाचन पहिलीत अवश्य सुरू व्हावे, शब्द पाठ करून लिहिणे मात्र दुसरीनंतर.

पाटीपेन्सिल: ध्वनी आधी, हे पटले; माझ्या मूळ मतात तेवढी दुरुस्ती करते. मात्र माझ्या खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसतात. एका बाजूला तोंडाने ध्वनी घेत असताना दुसऱ्या बाजूला बेरजेच्या वह्या तपासायच्या असतात, आणि ध्वनी हा प्रकार तर प्रत्येक मुलाच्या ओठांकडे पाहिल्याशिवाय शिकवता येत नाही.

उंबरठा यांच्या प्रश्नाबद्दल: गेल्या पालकसभेत मी मुलांकडून सूचनांचा खेळ करून दाखवला. सगळे हसले, टाळ्याही वाजल्या, आणि मग एका वडिलांनी विचारले, "वही कुठे आहे?" तेव्हापासून एक चित्रवही ठेवली आहे, ज्यात चित्र मुलाचे आणि त्याखाली इंग्रजी शब्द.

उंबरठा: तो शब्द मुलाच्या हातचा की आपल्या?

पाटीपेन्सिल: दिवाळीपर्यंत माझ्या. पुढे ज्याला लिहावेसे वाटेल त्याच्या; अडवणार नाही, पण सक्तीही करणार नाही.

उंबरठा: मग दिवाळीनंतर वही पाहायला येतो.