सिग्नलला थांबलेल्या गाडीत हातात फोन: चलान योग्य आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. गेल्या महिन्यात एका लग्नासाठी सांगलीहून पुण्याला गेलो होतो. कात्रजकडून शहरात शिरल्यावर एका सिग्नलला गाडी थांबली असताना, कार्यालयाचा रस्ता नीट ठाऊक नसल्यामुळे मी फोन हातात घेऊन नकाशावर पुढचे वळण पाहिले आणि दिवा हिरवा होताच तो शेजारच्या सीटवर टाकून निघालो. बारा दिवसांनी ई-चलान आले. सोबतच्या छायाचित्रात गाडीचा क्रमांक आणि माझ्या हातातला फोन दोन्ही स्वच्छ दिसत असल्याने घटना नाकारण्याचा प्रश्नच नाही.

शंका वेगळ्या आहेत. रस्ता पाहण्यासाठी फोन वापरण्यास सरकारनेच काही वर्षांपूर्वी परवानगी दिल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते, मग हा गुन्हा कसा ठरतो? गाडी पूर्ण थांबलेली असताना ‘वाहन चालवताना’ हे शब्द लागू होतात का? शिवाय गाडी पत्नीच्या नावावर असल्याने चलान तिच्या नावाने आले असून, चूक तुमची आणि बदनामी माझी का, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. रक्कम भरण्याची तयारी आहे, परंतु भरण्यापूर्वी कायदा नेमका काय म्हणतो ते समजून घ्यावे असे वाटते.

निवृत्त_निरीक्षक

मोटार वाहन निरीक्षक म्हणून बरीच वर्षे काम केल्यामुळे आपला प्रश्न ओळखीचा वाटला. पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर सोपे असल्याने ते आधी देतो. कॅमेऱ्याला चालक ओळखता येत नाही, क्रमांक ओळखता येतो, आणि क्रमांकावरून मालकाचे नाव मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे, विचारणा झाल्यास त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे सांगण्याची जबाबदारी मालकावर असते. म्हणजे वहिनींनी आपले नाव कळवले की विषय आपल्याकडे येतो.

आता मूळ मुद्दा. 1988 च्या कायद्यातील कलम 184 धोकादायक रीतीने वाहन चालवण्याविषयी आहे. पूर्वी त्यात मोबाइलचा उल्लेखच नव्हता आणि त्यामुळे बरेच वाद होत असत. 2018 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तर, फोनवर बोलत गाडी चालवली एवढ्यावरून, लोकांच्या सुरक्षिततेला धोका झाल्याचे दिसत नसेल तर, केरळ पोलीस कायद्याखालील गुन्हा होत नाही, असा निर्णय दिला होता. 2019 च्या दुरुस्तीने कलम 184 ला एक स्पष्टीकरण जोडले आणि त्यात लाल दिवा ओलांडणे, उलट दिशेने गाडी नेणे यांच्या जोडीला हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर हाही सार्वजनिकदृष्ट्या धोकादायकच मानला जाईल असे लिहिले. तेव्हापासून धोका प्रत्यक्ष निर्माण झाला की नाही हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

शिक्षा पाहिली तर अनेकांना धक्का बसतो. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि तीन वर्षांच्या आत तोच प्रकार पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात कोणी तुरुंगात जात नाही याचे कारण असे की कलम 200 प्रमाणे राज्य सरकार ठरवील ती तडजोड रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. महाराष्ट्राने त्या रकमांची सुधारित अधिसूचना डिसेंबर 2021 मध्ये काढली आणि आपल्या चलानावरचा आकडा त्याच तडजोडीचा आहे. तो भरणे म्हणजे ‘दंड भरला, सुटलो’ एवढेच नसून गुन्हा मान्य करणे आहे, आणि तीन वर्षांचे घड्याळही त्या गुन्ह्यापासूनच सुरू होते, हे ध्यानात ठेवावे.

आपण वाचलेली बातमी खोटी नव्हती, पण अर्धी होती. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमदुरुस्तीत फोनचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने करता येईल, असे म्हटले आहे. पहिली अट लोकांच्या लक्षात राहते आणि दुसरी विसरली जाते. स्टँडमध्ये बसवलेल्या फोनवर ओझरती नजर टाकणे या सवलतीत बसते. हातात घेऊन अंगठ्याने नकाशा सरकवणे त्यात बसते असे न्यायालयात पटवून देणे, माझ्या अनुभवाप्रमाणे, कठीण जाईल.

सिग्नलबाबतही तसेच. ‘वाहन चालवणे’ याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही, त्यामुळे वाद घालण्यास जागा आहे हे मान्य करतो. परंतु इंजिन सुरू, पाय ब्रेकवर आणि पुढच्या क्षणी निघायचे, अशा स्थितीतला माणूस चालक नाही असे म्हणणे मला तरी पटत नाही. फोन पाहायचाच असेल तर गाडी कडेला घेऊन, थांबण्यास परवानगी असलेल्या जागी उभी करून पाहावा.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने तपासून घ्या. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी 2021 मध्ये नियम 167-अ आणण्यात आला. त्यानुसार गुन्ह्याची सूचना 15 दिवसांच्या आत पाठवली जायला हवी, आणि छायाचित्रात गुन्हा व वाहनक्रमांक दिसायला हवा. आपल्याला सूचना बाराव्या दिवशी मिळाली असल्याने ही पळवाट बंद आहे.

लेस्टरवासी

मी मूळचा साताऱ्याचा असून गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. ‘वापर म्हणजे काय’ या शब्दच्छलातून हा देश नुकताच गेला आहे, म्हणून लिहितो.

इथे हातात फोन धरून गाडी चालवण्यास डिसेंबर 2003 पासून बंदी आहे, पण जुन्या नियमाची भाषा संभाषण व संदेश यांच्याभोवती गुंफलेली होती. अपघाताच्या ठिकाणावरून जाताना फोनने चित्रीकरण करणाऱ्या एका चालकाची शिक्षा रद्द झाली आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला, कारण चित्रीकरण हा त्या नियमाच्या अर्थाने ‘संपर्क’ नव्हता. रस्त्यावरच्या लोकांच्या दृष्टीने तो बोलत होता की चित्रे टिपत होता याने काय फरक पडतो, असा प्रश्न साहजिकच उठला. अखेर 25 मार्च 2022 पासून नियम बदलला. आता हातात फोन घेऊन पडदा उजळवणे, गाणे शोधणे, वेळ पाहणे हे सगळेच गुन्ह्यात मोडते, आणि कृष्णाकाठ यांना दुःख होईल, पण सिग्नलला किंवा कोंडीत थांबलेली गाडीही त्यातून सुटत नाही. थांबलेल्या गाडीतून खिडकीवर पैसे चुकते करण्यासारखी अगदी मोजकी सूट आहे.

दंड 200 पौंड आणि परवान्यावर सहा गुण, म्हणजे चुकीबद्दल नोंदवले जाणारे दोषगुण. लोकांना दंडापेक्षा गुणांचीच धास्ती अधिक असते, कारण पहिला परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा गुण चढले तर परवाना रद्द होतो आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते. माझ्या मुलाने परवाना मिळाल्या दिवसापासून फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. त्यात माझ्या संस्कारांचा वाटा किती आणि या सहा गुणांचा किती, हे मी त्याला विचारलेले नाही.

खड्डेमुक्त_कधी

रस्त्यात खड्डे, कडेला अतिक्रमण, रात्री दिव्यांचा पत्ता नाही, आणि सरकारला दिसतो तो फक्त चालकाच्या हातातला फोन. हे पैसे गोळा करण्याचे साधन आहे, याहून अधिक काही नाही.

निवृत्त_निरीक्षक

खड्ड्यांविषयी आपल्याशी वाद नाही. मात्र खड्डा असलेल्या रस्त्यावर नजर अधिकच समोर हवी, हे आपणही मान्य कराल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी मोबाइलच्या वापरामुळे झालेले मृत्यू 3,395 नोंदवले आहेत. हा आकडा मला कमीच वाटतो. पंचनाम्यात मोबाइलचे कारण तेव्हाच येते जेव्हा चालक स्वतः कबूल करतो, कोणी पाहिलेले असते किंवा तपास अधिकारी फोनच्या नोंदी मागवतो. एरवी ‘भरधाव वेग’ लिहून रकाना भरला जातो.

एक साधा हिशेब करून पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे जाते. संदेश वाचण्यात चार सेकंद गेले तर जवळपास 67 मीटर अंतर आपण डोळे मिटून कापले. एवढ्या अंतरात चौकही येतो आणि शाळेचे फाटकही.

मालवाहू

माझे तीन टेम्पो आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. सगळी चर्चा चालकावर होते, पण त्याला फोन कोण करतो? आम्हीच करतो. ‘कुठे पोचलास?’ असे दिवसातून दहा वेळा विचारणारा मी, ग्राहक आणि त्याची घरची माणसे. त्याने उचलला नाही तर आम्ही चिडतो आणि उचलला तर कायदा मोडतो. घरपोच माल पोचवणारी मुले हेल्मेट आणि कानाच्या मध्ये फोन खोचून जाताना रोज दिसतात. त्यांना कंपनीही फोन करते आणि ग्राहकही. मार्च 2025 मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याची चित्रफीत पसरली तेव्हा त्याच्यावर कारवाई झाली आणि ते योग्यच झाले, परंतु त्या प्रकारात आणि मालकाच्या भीतीने फोन उचलणाऱ्यात फरक केला पाहिजे.

मी आता चालकांना सांगून ठेवले आहे की गाडी सुटल्यावर पहिला फोन चहाच्या थांब्यावरून करायचा आणि त्याआधी मी करणार नाही. सुरुवातीचा आठवडा मलाच जड गेला.

ब्लूटूथविषयी मात्र मला खात्री नाही. चालकांना कानात लावायचे ते यंत्र घेऊन दिले तर चालेल का?

निवृत्त_निरीक्षक

मालवाहू, चहाच्या थांब्याचा नियम उत्तम आहे, तो सोडू नका. ब्लूटूथबाबत कायद्याचा शब्द ‘हातात धरलेले’ असा आहे, त्यामुळे त्या नेमक्या खंडात तो बसत नाही. तथापि त्याच स्पष्टीकरणातील शेवटचा खंड, सक्षम आणि काळजीपूर्वक चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्याहून फार खालच्या दर्जाचे वाहन चालवणे हेही धोकादायक मानतो. बोलण्याच्या नादात लेन सोडली तर तो खंड लागू शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, 1997 मध्ये कॅनडातील संशोधकांनी फोनच्या नोंदी अपघातांच्या वेळांशी ताडून पाहिल्या, तेव्हा फोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट आढळला आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचे दिसले नाही. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक आडवा आल्यावर आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला तो ट्रक दिसत नाही.

अपघातात कोणी दगावले तर प्रकरण चलानापुरते राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 प्रमाणे हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षांची होती. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने 2015 मध्येच, गाडी चालवताना मोबाइल वापरल्यास परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे राज्यांना कळवले होते. धंद्यातल्या चालकासाठी तीन महिने म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. पत्नीच्या संमतीने, किंबहुना तिच्या देखरेखीखाली, आज रक्कम भरली आणि गाडीत फोनचे स्टँड बसवून घेतले. दुकानदार ते काचेच्या मधोमध लावत होता, पण तिथे ते रस्ताच झाकते असे दिसल्यावर डॅशबोर्डवर खालच्या बाजूला लावायला सांगितले. परतीचा रस्ता निघण्यापूर्वीच नकाशात भरून ठेवण्याचे काम पत्नीकडे आहे. कात्रज ओलांडेपर्यंत फोनला हात लागणार नाही, एवढे तिने माझ्याकडून लेखी घेतलेले नाही इतकेच.