समुपदेशक नेमला, पण बसवला कुठे?

मुलांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की काही जण म्हणतात, कॉलेजात समुपदेशक नेमला की निम्मं काम झालं. नेमणूक हवीच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलंच आहे. पण माझ्या भाचीच्या कॉलेजात ती खोली थेट प्राचार्यांच्या केबिनला लागून. बाहेर बाकडं, समोर फी भरणाऱ्यांची रांग. कोण जाणार तिथे? गेलंच कुणी, तर दुसऱ्या दिवशी वर्गात "हिला काय झालंय गं?" सुरू. त्यात समुपदेशक म्हणजे इंटर्नलचे मार्क देणाऱ्या मॅडमच! मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर पोरं मन मोकळं करतील ही अपेक्षाच भाबडी आहे. बाहेरची व्यक्ती नेमा, खोली लायब्ररीच्या बाजूला द्या.

दुसरं, गावाकडून आलेल्या मुलांचं. पुण्यात बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. पोरगं रूमवर एकटं, वडापाववर भागवलेलं, आणि घरून फोन आला की "हो आई, जेवलो." बिनसतं ते अशा वेळी, ऑफिसच्या वेळेत नाही. म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत दारामागे चिकटवावा. (नोटीस बोर्डावर नको, तिथे उभं राहून नंबर कोण उतरवून घेणार?) फोन मोफत आहे, रात्रीअपरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. आणि काळजीत पडलेल्या मित्राने किंवा पालकांनी केला तरी चालतो.