मदत हवी आहे: यूएमएल डायग्राम सोपे करताना नियम निसटतात

नमस्कार मंडळी,

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट आणि बिलिंग सिस्टीमचं काम चालू आहे. रिक्वायरमेंटवर सही करणार डॉक्टर, रिसेप्शन आणि अकाउंट्सवाले. त्यांच्यापुढे आमचे नेहमीचे यूएमएल डायग्राम (ठरलेल्या चिन्हांनी काढलेली सॉफ्टवेअरची चित्रं) ठेवले, आणि पहिल्याच बैठकीत कळलं की ते काहीतरी वेगळंच वाचताहेत.

यूज केस डायग्राममध्ये (सिस्टीमवर कोण कोणती कामं करतं त्याचं चित्र) 'तातडीची नोंद' ही 'अपॉइंटमेंट देणे'ला एक्स्टेंड करते, म्हणजे गरज पडली तरच त्यात भर घालते, असं दाखवलं होतं. पद्धतीप्रमाणे बाण तातडीकडून मूळ यूज केसकडे. रिसेप्शनवरच्या ताईंनी त्या बाणावरून बोट फिरवत विचारलं, "म्हणजे आधी तातडीची नोंद करायची, मग अपॉइंटमेंट द्यायची?" त्यांचं काहीच चुकलं नाही. बाण म्हणजे पुढची पायरी, असंच कुणीही वाचेल. क्लास डायग्राममधल्या (सिस्टीममधल्या गोष्टी आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र) '१..*' चा, म्हणजे 'एक किंवा जास्त'चा, तारा बघून एकाने पानाच्या तळाशी टीप शोधली.

मग सोपं करायला घेतलं. यूज केस डायग्राम काढूनच टाकला, त्याजागी स्विमलेनवाला, म्हणजे प्रत्येकाच्या कामांचा वेगळा पट्टा असलेला, अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राम दिला. कोण काय करतं, कशानंतर करतं, हे लगेच पोचलं. कॉम्पोझिशनच्या (मूळ गोष्ट गेली की तिचे भागही जातात, या नात्याच्या) भरीव डायमंडऐवजी सरळ वाक्य लिहिलं: "बिल डिलीट केलं की त्यातल्या ओळीही जातात." त्यावर अकाउंट्सवाले ताडकन म्हणाले, "बिल डिलीट होताच कामा नये, फक्त रद्द!" आमच्या टीमच्या रिव्ह्यूत तोच डायमंड कुणालाही खटकला नव्हता.

पण एक गोष्ट निसटली, आणि ती मला फार लागली आहे. अपॉइंटमेंट आणि डॉक्टर यांच्यातल्या रेघेवर डॉक्टरच्या टोकाला '१' होता, म्हणजे प्रत्येक अपॉइंटमेंटला एक डॉक्टर हवाच. सोप्या चित्रात मी आकडे काढले, नुसती रेघ ठेवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. डेमोत कळलं की रिसेप्शनवर बऱ्याचदा आधी वेळ देतात आणि डॉक्टर मागाहून ठरतो. म्हणजे '०..१' (एकही नाही किंवा एक) हवं होतं. "डॉक्टर ठरल्याशिवाय अपॉइंटमेंट देता येणार नाही" एवढं लिहिलं असतं, तर ताईंनी तिथेच अडवलं असतं.

आता प्रश्न असा, की काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे तुम्ही कसं ठरवता? जे चिन्ह बदललं की कोड बदलतो ते वाक्यात लिहायचंच, असं मी ठरवून बघितलं. पण वीसेक क्लास असले की वाक्यांची यादीच पानंच्या पानं होते, आणि ती कोण वाचणार?

दुसरं म्हणजे टीमसाठी एक आणि त्यांच्यासाठी एक असे दोन संच ठेवले की महिन्याभरात दोन्हींत फरक पडतो. सी४ मॉडेलचे (सिस्टीमची रचना चार स्तरांत दाखवायची पद्धत) वरचे दोन स्तर वापरून पाहिले. कुठली सिस्टीम कुणाशी बोलते हे त्यात छान दिसतं, पण असले नियम त्यात बसत नाहीत.

सही करणाऱ्यांना दाखवलेलं एखादं पान कुणाकडे असेल, तर नावं खोडून इथे टाकाल का? नुसतं पान नको, त्यावर त्यांनी काय विचारलं तेही लिहा.