स्वतःवरचा विश्वास वाढेपर्यंत आनंद पुढे ढकलत राहायचा का?

प्रश्न

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट येथे मांडते आहे. गेल्या काही वर्षांत माझ्यावरची कामाची जबाबदारी वाढत गेली आहे, वरिष्ठांचा माझ्यावर भरवसा आहे आणि हाती घेतलेले काम मी बहुधा वेळेत पूर्ण करते. तरीही नवे काम समोर आले की ‘हे आपल्याला झेपणार नाही, या वेळी आपले अपुरेपण सर्वांच्या लक्षात येणार’ असे वाटू लागते. आणि ते काम नीट पार पडले तरी त्याचे श्रेय मी नशिबाला किंवा सहकाऱ्यांना देते, नाहीतर काम मुळातच सोपे होते असे म्हणून मोकळी होते.

याच्या जोडीला दुसरी अडचण आहे. मला चित्रे काढायला मनापासून आवडते, पण ‘आधी हे संपवू, मग निवांत बसू’ असे स्वतःला सांगता सांगता रंगांना हात लावणेच सुटले आहे. कधी बसलेच तर मन अपराधी होते. जणू अजून न कमावलेली गोष्ट मी उपभोगते आहे. आरशासमोर उभे राहून ‘मी समर्थ आहे’ असे रोज म्हणावे, असा सल्ला मिळाला होता. तो मी प्रामाणिकपणे पाळला, पण त्याने मन उलट अधिकच खट्टू झाले.

या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत की एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत? आणि आधी आत्मविश्वास मिळवून मग आनंदाकडे वळावे, हा माझा क्रम बरोबर आहे का?

पहिले उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते अडचणीचे मूळ त्या क्रमातच आहे. आत्मविश्वास ही काम सुरू करण्यापूर्वी हाती असावी लागणारी गोष्ट आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो काम करता करता आणि केल्यानंतर मागे उरतो. तोही केलेल्या कामाची नोंद मनाने घेतली तरच.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाविषयी जो सिद्धांत मांडला, त्यात या विश्वासाचे चार स्रोत सांगितले आहेत. एखादी गोष्ट स्वतः करून ती साधल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्या माणसाला ती साधताना पाहणे, कोणी आपल्याला ‘तुला जमेल’ असे पटवून देणे, आणि त्या वेळची आपल्या शरीरमनाची अवस्था, असे ते चार. यांपैकी पहिला स्रोत सर्वांत बळकट. सापाची तीव्र भीती असणाऱ्या लोकांवर त्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांत, दुसऱ्याला साप हाताळताना नुसते पाहणाऱ्यांपेक्षा मार्गदर्शकाच्या मदतीने पायरीपायरीने स्वतः सापाजवळ गेलेल्यांचा विश्वास अधिक वाढला होता. तुम्ही आरशासमोर जे म्हणत होता, तो तिसरा स्रोत झाला, आणि तोही स्वतःच स्वतःला पटवण्याचा. त्याच्यामागे पुरावा उभा नसेल तर तो फार वेळ टिकत नाही.

आता तुम्ही म्हणाल की पहिला स्रोत तर माझ्याकडे आहे, कामे तर मी वेळेत पूर्ण करते. येथेच खरी गोम आहे. यश मिळाले म्हणजे विश्वास आपोआप वाढतो असे नाही, कारण ते यश आपण कशाच्या खात्यावर मांडतो यावर पुढचे सारे ठरते. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी 1978 साली कर्तबगार स्त्रियांविषयी लिहिताना नेमके हेच वर्णन केले होते: हाती पुरेसे यश असूनही, आपण इतरांची फसवणूक करतो आहोत आणि ती कधीतरी उघडी पडणार, ही भावना त्यांचा पाठलाग सोडत नव्हती. ज्याचे श्रेय आपण घेतलेच नाही, त्या कामातून विश्वास कसा यावा?

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. एखादे काम संपले की पुढच्या कामाला हात घालण्यापूर्वी त्या कामात तुम्ही स्वतः काय केले, ते क्रियापदांत लिहा. ‘बैठक चांगली झाली’ असे लिहू नका. ‘आकड्यांतली विसंगती मी आदल्या दिवशी शोधली, दोघांचे मतभेद ऐकून घेतले आणि निर्णय पुढे ढकलायला नकार दिला’ असे लिहा. नशिबाचा आणि सहकाऱ्यांचा वाटाही लिहायला हरकत नाही, तो खराच असतो. मात्र तुमचा वाटा कोरा ठेवू नका. ही आत्मस्तुती होत नाही, कारण त्यात एकही विशेषण नसते.

राहिला दोन अडचणी एकच आहेत का हा प्रश्न. मला त्या एकच वाटतात. केलेल्या गोष्टीपाशी न थांबता पुढच्या उणिवेकडे धावण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे यशाचा ठसा मनावर उमटत नाही आणि सुखाचाही उमटत नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तरातील बहुतेक सर्व मला मान्य आहे, पण ते सारे एकट्या माणसाने आपल्या मनाशी करायच्या गोष्टींविषयी आहे, आणि तेवढे पुरेसे आहे असे मला वाटत नाही. आपली किंमत आपल्याला नेहमी एकट्याने ठरवता येत नाही. ती ज्यांच्या सहवासात ठरते, ती माणसेही निवडावी लागतात.

शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की चांगली घटना दुसऱ्या कोणाला सांगितल्याने मिळणारा आनंद हा त्या घटनेच्या मूळ आनंदाहून वेगळा, त्यात भर घालणारा असतो. आणि ऐकणाऱ्याने मनापासून रस घेऊन चौकशी केली तर लाभ अधिक होतो. आपण दुःख सांगायला माणूस शोधतो, पण छोटेसे यश सांगायला संकोचतो, कारण ते बढाईसारखे वाटेल अशी भीती असते. तुम्ही असा एक माणूस निवडा, ज्याला ‘आज अमुक मला चांगले जमले’ असे सांगितल्यावर तो ‘कसे काय जमवलेस?’ असे विचारील. त्या ‘कसे’चे उत्तर देताना तुमचा वाटा तुमच्याच तोंडून बाहेर येईल. ‘बरे झाले’ एवढेच म्हणून विषय बदलणाऱ्याकडे मात्र ही गोष्ट नेऊ नका.

प्रश्न विचारणारी

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. क्रियापदांत लिहिण्याची सूचना मला विशेष भावली, कारण विशेषणे वापरायची म्हटली की माझे मन लगेच आक्षेप घेऊ लागते. दोन शंका मात्र अजून उरल्या आहेत. पहिली आरशासमोरच्या वाक्यांविषयीची: इतके लोक त्यांचा लाभ झाल्याचे सांगतात, मग मलाच त्रास का व्हावा? दुसरी शंका वेळेची आहे. आठवड्याच्या वेळापत्रकात मी चित्रांसाठी ठरावीक तास राखून पाहिला, पण तो तास जवळ आला की तेही पार पाडायचे आणखी एक कामच वाटू लागते, आणि काम बाकी असताना रंग घेऊन बसण्याचा अपराधभाव तर असतोच.

तिसरे उत्तर

तुमच्या पहिल्या शंकेवर थेट संशोधन झालेले आहे. जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘मी प्रेमास पात्र व्यक्ती आहे’ अशा आशयाचे वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावले होते. ज्यांचा आत्मसन्मान मुळात चांगला होता त्यांना त्याने थोडे बरे वाटले, पण ज्यांचा आत्मसन्मान कमी होता त्यांची मनःस्थिती तसे न म्हणणाऱ्यांपेक्षा खालावलेली आढळली. याचे संभाव्य कारण असे की आपल्याला मुळीच न पटणारे वाक्य उच्चारले की मन त्याविरुद्धचे दाखले काढू लागते. तेव्हा तुमचा अनुभव हा तुमच्यातला दोष नाही, हे कृपया लक्षात घ्या. ज्यावर विश्वास बसू शकेल एवढेच वाक्य म्हणावे. ‘मी समर्थ आहे’ याऐवजी ‘अशा प्रकारचे काम मी यापूर्वी पूर्ण केले आहे’ हे वाक्य तुमचे मन नाकारू शकणार नाही, कारण ते खरे आहे.

आता वेळेविषयी, आणि याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण आनंदाला जागा करणे म्हणजे वेळापत्रकात एक चौकट भरणे असा समज सर्वत्र पसरला आहे. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कॉक यांनी 2016 साली दाखवून दिले की विरंगुळ्याची गोष्ट नेमक्या वेळेला बांधली की ती कामासारखी वाटू लागते आणि तिच्यातली गोडी कमी होते. मात्र ‘दुपारनंतर कधीतरी’ अशी ढोबळ वेळ ठरवली तर ही हानी बऱ्याच अंशी टळते. म्हणजे तुम्हाला जे जाणवले ते अगदी बरोबर होते. चित्रांसाठी वार ठरवा, तास ठरवू नका. रंग आणि कागद कपाटात बंद न ठेवता समोर राहू द्या, आणि सुरुवात किती वाजता होते याकडे लक्षच देऊ नका.

अपराधभावाबद्दलही एक अभ्यास तुम्हाला उपयोगी पडेल. एड ओब्रायन आणि एलन रोनी यांनी 2017 साली हे तपासले की काम उरकण्याआधी घेतलेली विश्रांती खरोखरच बेचव होते का. लोकांचा आधीचा अंदाज तसाच होता. डोक्यावर काम असताना मौज करणे रुचणार नाही, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात मात्र कामाआधी घेतलेला आनंद कामानंतरच्या आनंदाइतकाच सुखद ठरला. काम संपल्याशिवाय मजा येणार नाही ही आपली खात्री अनुभवातून आलेली नसते. आपण तो अनुभव स्वतःला घेऊच देत नाही, म्हणून ती टिकून राहते. आणि ज्यांच्या जबाबदाऱ्या वाढत जातात त्यांचे काम ‘संपले’ असे कधी होतच नाही, हे तर तुम्ही स्वतःच पाहत आहात.

आणखी एक सांगतो. आनंद म्हटले की आपण मोठ्या घटनेची वाट पाहतो, पण फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांच्या 1978 च्या प्रसिद्ध अभ्यासात मोठ्या रकमेची लॉटरी लागलेले लोक इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आनंदी आढळले नाहीत; उलट रोजच्या साध्या गोष्टींतून त्यांना मिळणारे सुख इतरांपेक्षा कमी होते. अभ्यासातील माणसे थोडी होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. तरीही रोजच्या लहान सुखाची चव शाबूत ठेवणे हे मोठ्या सुखाची वाट पाहण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. चित्र काढताना ते चांगले येते आहे का हे पाहण्याऐवजी ओला रंग कागदावर कसा पसरतो, तेच काही क्षण पाहा.

चौथे उत्तर

येथील सूचना चांगल्या आहेत, परंतु एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही, म्हणून ती स्पष्टपणे लिहिते. आवडत्या गोष्टींतील रस कमी होणे हे काही वेळा नुसत्या सवयीमुळे नसते, तर नैराश्याचे लक्षण असते. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ, कशातच रस वाटत नसेल किंवा मन उदास राहत असेल, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता यांत बदल झाला असेल किंवा आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटत असेल, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये, त्याच दिवशी मदत मागावी.

तुमच्या लिहिण्यात चित्रांची ओढ अजून स्पष्ट दिसते, त्यामुळे मी घाईने निष्कर्ष काढत नाही. पण हे उत्तर वाचणाऱ्या इतर कोणाला तशी ओढही उरली नसेल, तर त्याने केवळ मनाची ताकद वाढवण्याच्या मागे लागू नये.

प्रश्न विचारणारी

आपण हे लिहिलेत ते योग्यच केलेत. माझी झोप आणि भूक ठीक आहे, चित्रांची ओढही आहे. तरी लक्ष ठेवीन. पहिल्या उत्तरकर्त्यांना एकच विचारायचे आहे: क्रियापदांची ती नोंद रोज करावी का? रोज करायची म्हटली की तीही चुकण्याची धास्ती वाटेल.

पहिले उत्तर देणारे

रोज करू नका. एखादे काम संपले आणि ‘यात माझे काय होते?’ असा विचार मनात आला, की त्याच वेळी दोनतीन ओळी लिहा. मधले दिवस रिकामे गेले तरी चालतील. मात्र पुढचे अवघड काम समोर येईल आणि ‘हे झेपणार नाही’ असे वाटेल, तेव्हा होकार किंवा नकार देण्याआधी त्या जुन्या ओळी एकदा वाचून काढा. आणि चित्रांची नोंद मात्र अजिबात ठेवू नका. ती तुमच्या हिशेबाबाहेरच राहू द्या.