दिवसभर काटेकोर, रात्री खा-खा: हे चक्र कुठून तोडायचं?

पाऊलवाट

व्यायामशाळेत वजन कमी करायला येणाऱ्यांना मार्गदर्शन करते. बऱ्याच जणांचा साचा एकच दिसतो. सकाळी नुसती कॉफी, दुपारी मोजून-मापून चार घास, सोबतीला कॅलरी मोजणारं अ‍ॅप. संध्याकाळ झाली की मात्र खा-खा सुटते, आणि तीही नेमकी 'बंद' केलेल्या पदार्थांवर. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून पुन्हा उपाशी राहायचं किंवा दुप्पट धावायचं. वजन आहे तिथेच, आणि जेवायला बसायचीच धास्ती.

इच्छाशक्तीवरची व्याख्यानं नकोत, नेमकं काय करायचं ते हवं आहे. सुरुवात रात्रीच्या खाण्यापासून करायची की दिवसाच्या? 'भूक लागली की खा, पोट भरलं की थांब' एवढं सांगून भागतं का? बंद केलेले पदार्थ परत कसे आणायचे? आणि कुठल्या खुणा दिसल्या की हे आपलं काम नाही म्हणून पुढे पाठवायचं?

निळाई

सकाळपासून. रात्रीचं खाणं थोपवण्यात ताकद घालवली की लोक थकतात, कारण त्या खाण्याची तयारी दिवसभर चाललेली असते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला साधारण १,५७० कॅलरींवर ठेवलं होतं. त्यांचं वजन जवळपास एक चतुर्थांश घटलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले. प्रयोग संपल्यावर हवं तितकं खायला मिळालं तरी काहींचं समाधान होईना. ही माणसं आधी खाण्याच्या बाबतीत अगदी साधी होती. म्हणजे स्वभाव नव्हे, उपासमारच माणसाला तसं वागायला लावते.

म्हणून पहिलं काम नियमित खाण्याचं. खाण्याच्या विकारांवर काम करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीत हाच पाया आहे: तीन जेवणं, दोन किंवा तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. वेळा आदल्या रात्री लिहून ठेवायच्या. उठल्यापासून तासाभरात पहिलं खाणं. पहिले दोन आठवडे *काय* खायचं यात फार ढवळाढवळ करू नका, *कधी* एवढंच पक्कं करा. सगळं एकदम बदलायला गेलं की आठवड्याभरात सगळंच सुटतं.

घडी बसली की मग ताटाकडे बघा. प्रत्येक जेवणात पिष्टमय काहीतरी, २०-२५ ग्रॅम प्रथिनं, थोडी स्निग्धता, आणि भाजी किंवा फळ. पिष्ट किंवा तेल-तूप पूर्ण काढलेलं ताट दिसायला शहाणं दिसतं, पण दोन तासांत पोटात कावळे ओरडायला लागतात. मधलं खाणंही नुसत्या फळावर भागवू नका. फळाबरोबर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, सुका मेवा किंवा वाटीभर दही असू द्या. दुपारी चार-पाचचं खाणं सर्वांत जास्त चुकवलं जातं, आणि रात्रीचा सगळा खेळ तिथेच बिघडतो.

आता अडतं कुठे? एक, पोट फुगतं, जड वाटतं. फार दिवस कमी खाल्लेल्यांचं पोट अन्न सावकाश पुढे सरकवतं. नियमित खाण्याने ते हळूहळू सुधारतं. दोन, काट्यावर किलो-दीड किलो वाढलेलं दिसतं. शरीर ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवतं तेव्हा दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणीही धरून ठेवतं, त्यामुळे ही वाढ चरबीची नाही. हे *आधीच* सांगून ठेवा. काटा बघितल्यावर सांगितलं तर ती समजूत काढल्यासारखी वाटते, आणि माणूस तिथेच सोडून देतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. रात्री खा-खा झालीच, तर दुसऱ्या सकाळचा नाश्ता वगळला जातो. तो वगळायचा नाही. भूक नसली तरी ठरल्या वेळी, नेहमीएवढाच खायचा. जादा धावणंही नाही. चक्राची ही एकच कडी अशी आहे जी माणसाच्या हातात असते. रात्री साडेदहाला हातात फारसं काही उरलेलं नसतं.

उंबरठा

निळाईंशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सुरुवातीला भागत नाही. वर्षानुवर्षं भूक दाबलेल्या माणसाला ती हलकी असताना जाणवतच नाही, थेट हात थरथरायला लागल्यावर कळते. त्याला 'शरीराचं ऐका' म्हणणं म्हणजे बंद रेडिओवर बातम्या ऐकायला सांगणं. आधी काही आठवडे घड्याळाप्रमाणे खाऊ द्या. मग खाण्याआधी आणि नंतर भुकेला ० ते १० मध्ये आकडा द्यायला सांगा. ० म्हणजे कासावीस, १० म्हणजे पोट दुखेपर्यंत भरलेलं. ३-४ ला सुरू करून ७ च्या आसपास थांबणं बहुतेकांना मानवतं. पण याचाही नियम होऊ देऊ नका. 'मी ५ वर होते तरी खाल्लं' अशी कबुली कानावर आली की समजायचं, कॅलरीची जागा या आकड्यांनी घेतली.

बंद पदार्थांचं थोडं सविस्तर, कारण इथे घाई फार होते.

बंदीमुळेच तोल कसा जातो हे हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांच्या १९७५ च्या प्रयोगात दिसलं. मिल्कशेक प्यायल्यावर आइसक्रीम समोर ठेवलं, तेव्हा एरवी मनमोकळं खाणाऱ्यांनी ते कमी खाल्लं. सतत खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आता आज काय धरून ठेवायचं, हा तो विचार. नियम जितका कडक, तितका तो मोडल्यानंतरचा घसरा मोठा.

नियमित खाणं तीन-चार आठवडे टिकल्यावरच हे सुरू करा. बंद पदार्थांची यादी करून भीतीप्रमाणे तीन-चार गटांत लावायला सांगा आणि सर्वांत सौम्य गटातला *एकच* पदार्थ निवडा. समजा चॉकलेट. ते जेवणानंतर लगेच किंवा ठरलेल्या मधल्या खाण्यात घ्यायचं, रिकाम्या पोटी कधीच नाही. प्रमाण आधी ठरवायचं, २५-३० ग्रॅम पुरे. बशीत काढून, बसून, टीव्ही-मोबाइल बंद ठेवून खायचं. उरलेलं पाकीट दुसऱ्या खोलीत. पहिल्या वेळा एकटं असताना किंवा दिवस वाईट गेलेला असताना नको.

आणि मग तोच पदार्थ आठवड्यात तीन-चारदा. लोक इथेच बिचकतात, पण मर्म त्यातच आहे. रोज समोर येणाऱ्या चवीची मेंदूला सवय होते आणि ओढ ओसरते. महिन्यातून एकदा मिळणारी चव दर वेळी नवीनच राहते. ठरलेलं संपल्यावर 'अजून हवंसं वाटतं, पण नसलं तरी चालेल' असं चार-पाच वेळा झालं की पुढचा पदार्थ.

'चीट डे' नावाचा प्रकार म्हणूनच मला घातक वाटतो. सहा दिवस बंदी आणि सातव्या दिवशी मोकळीक हे त्याच चक्राचं वेळापत्रक झालं. व्यायामाचं बक्षीस म्हणून गोड देणंही त्याच जातीचं. बिनसाखरेचा पर्याय देऊन काम भागवू नका; त्याने मूळ पदार्थाची भीती तशीच राहते.

कोवळीक

दोन इशारे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या खाण्याच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच बदला, नाहीतर रक्तशर्करा धोकादायक खाली जाऊ शकते. आणि अ‍ॅलर्जी किंवा सिलिअ‍ॅकमुळे (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) वर्ज्य असलेले पदार्थ 'भीतीच्या' यादीत येत नाहीत, ते वर्ज्यच राहतात.

पुढे पाठवायचं केव्हा? मुद्दाम उलटी करणं, जुलाबाची औषधं घेणं, वजनासाठी इन्सुलिन टाळणं: यातलं एकही दिसलं तर त्याच आठवड्यात. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, वजन कितीही असो. चक्कर येऊन पडणं, तीन महिने पाळी न येणं, झपाट्याने वजन उतरणं, तेही तसंच. फार दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाचा आहार स्वतःहून वाढवू नका. एकदम अन्न वाढलं की रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं, ते वैद्यकीय देखरेखीतच व्हायला हवं. या खुणा नसल्या तरी ताबा सुटून खाणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालू असेल, तर तो निदान होऊ शकणारा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांकडे पाठवा. वजन जास्त असलेल्यांच्या बाबतीत हे हमखास निसटतं, कारण त्यांच्या उपाशी राहण्याचं आजूबाजूचे कौतुकच करतात.

पाऊलवाट

खूप उपयोगी, तिघांचेही आभार. अ‍ॅप एकदम बंद करायला सांगू का? काहीच नोंद नसेल तर लोक घाबरतात. आणि वजन किती दिवसांनी घ्यायचं?

निळाई

नोंद राहू द्या, आकडे काढा. वहीत पाच रकाने: वेळ, काय खाल्लं, कुठे, ताबा सुटल्यासारखं वाटलं का, त्या वेळी मनात काय होतं. ग्रॅम नाही, कॅलरी नाही. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की नेमकी चुकलेली खाणी गळतात. ही वही वाचताना आधी चार तासांहून मोठी अंतरं शोधा, खा-खाची नोंद नंतर बघा. बहुतेकदा पहिल्यातच दुसऱ्याचं कारण सापडतं.

वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, आणि निष्कर्ष चार आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवूनच. एका दिवसात किलो-दोन किलोचा फरक मीठ, पाणी, पाळी, पोट साफ होणं यानेही पडतो.

उंबरठा

एक भर, ही थेट तुमच्या कामाची. 'काल खाल्लेलं आज जाळू', 'हे तू कमावलंस' अशी वाक्यं व्यायामशाळेत सर्रास चालतात. ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यासाठी ती पूर्ण बंद करा, भिंतीवर लिहिली असतील तर पुसा. व्यायामाचं यश वजन सोडून कशात तरी मोजा: किती भार उचलला, किती जिने न थांबता चढले, झोप कशी लागली. आणि संध्याकाळी येणाऱ्यांना व्यायामाला हात लावण्याआधी एवढंच विचारा, 'चारचं खाल्लं का?' नसेल खाल्लं, तर आधी ते खाऊ द्या. थोडं थांबून व्यायाम सुरू केला तरी चालतो.