जवस ताटात की औषधाच्या कपाटात?

माजघर

बाबांच्या फ्रिजच्या दारात तीन महिने एक गडद तपकिरी बाटली उभी होती. जवसाचं तेल, कोल्ड प्रेस्ड. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटा चमचा. परवा मी झाकण उघडून वास घेतला, तर दाराखिडक्यांना रंग देणं चालू असलेल्या घरात शिरल्यासारखं वाटलं. बाबा म्हणाले, "शुद्ध तेलाला असाच वास येतो." मग हळूच कळलं की बाटली घरात आली त्याच दिवशी त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं की जवस नसा साफ करतो. रिपोर्ट आला तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९४ वरून १६१ वर गेलेलं.

मी यवतमाळची आहे. जवसाशी माझं वैर असतं तर माहेरी जेवणच मिळालं नसतं. लोखंडी तव्यावर जवस तडतडायला लागला की आई वर ताटली धरायची, नाहीतर दाणे पार ओट्याखाली. तो गार झाला की लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात. भाकरीवर चटणी, मध्ये खळगा करून त्यात कच्चं तेल. हे मी आजही आठवड्यातून चारदा खाते.

पण चटणी खाताना आमच्या घरात कुणी "नसा साफ होतायत" म्हणत नव्हतं. माझं मत सरळ मांडते: जवस ताटात असावा, औषधाच्या कपाटात त्याचं काही काम नाही. तेलाच्या बाटलीचं तर मुळीच नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त भांडावं.

काढा_कडू

भांडतो. गोळी बाबांनी बंद केली, जवसाने नाही. सुरीने बोट कापलं म्हणून कुणी सुरी वाईट म्हणत नाही.

आणि औषध नाही कसं? कॅनडातली २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. पायांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस दिला. ज्यांना दिला नव्हता त्यांच्यापेक्षा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी भरला. हे काम एका चांगल्या गोळीच्या तोडीचं आहे. परदेशी शिक्का बसल्याशिवाय आपल्याला आपलं पटत नाही, म्हणून मुद्दाम परदेशातला दाखला दिला. तो बसल्यावरही पटत नसेल तर मग प्रश्न जवसाचा नाही.

माजघर

दाखला चांगला आहे, फक्त माझ्या बाजूचा आहे. त्या रुग्णांना दळलेलं बी दिलं होतं, तेल नाही. शिवाय ते आपापली नेहमीची औषधं घेतच होते, कुणी गोळ्या टाकून जवस धरला नव्हता. एकूण रुग्ण ११०. एवढ्यावरून "जवस खा, गोळी सोडा" निघत नाही. "गोळीसोबत जवस खाल्ला तर कदाचित भलं होईल" एवढंच निघतं, आणि ते मला मान्य आहे.

बी आणि तेल यांत फरक काय, तर दाण्यात साधारण ४० टक्के तेल असतं. बाकीच्यात चोथा, प्रथिनं, तो बुळबुळीत चीक आणि लिग्नन नावाची द्रव्यं. तेल गाळलं की यातलं जवळजवळ सगळं ढेपेत जातं. म्हणजे गुणाचा मोठा वाटा म्हैस खाते आणि आपण बाटलीचे पैसे मोजतो.

बांधीवाला

ताई, म्हैस खाते तर खाऊ द्या ना बाप्पा, दूध तर तुमीच पिता!

मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडे उतेऱ्यात जवस घेत होते. धान कापाच्या आधी बांधीत ओल असते, त्याच ओलीवर जवस नाही तर लाखोळी फेकून द्याची. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून झालं का जवस वर दिसे. थंडीत निळी फुलं आली का सारी बांधी निळी. आता लावणारे कमी झाले. बाजारात भाव भेटत नाही आन् शहरात पाव किलोचं पाकीट सोन्यासारखं विकून रायले.

आन् तेलाचं म्हणाल तर आमच्या घरी वांग्याची भाजी जवसाच्या तेलातच होये. आजा ऐंशीच्या वर जगला. त्याले कोणी सांगतलं नव्हतं का हे औषध हाय.

रसायन_मास्तर

आजोबांना दीर्घायुष्य लाभलं, आनंद आहे. ते रोज किती मैल चालत होते तेही लिहा.

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. वनस्पतीतलं ओमेगा-३ म्हणतात ते हेच. त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात, म्हणून हवेतला ऑक्सिजन त्याला लगेच पकडतो. सुतार लाकडाला हेच तेल लावतात, ते याच कारणाने. ते वाळत नाही, ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. माजघर यांच्या बाबांच्या बाटलीला रंगाचा वास आला कारण आत रंगाचंच काम सुरू झालं होतं. न गाळलेलं जवसाचं तेल साधारण १०७ अंशांना धूर सोडू लागतं. फोडणी त्याच्या बरीच वर जाते. तळण-फोडणीला हे तेल नको.

बांधीवाला

मास्तर, मैल नाही मोजले, पण बैलाच्या मागं चालाचा. आन् तुमचं थर्मामीटर आमच्या चुलीजवळ कोणी आणलं नव्हतं, म्हणून भाजी गोड लागे.

लाकडी_घाणा

माझा घाणा आहे, जवसही गाळतो, तेव्हा माझं मत धंद्याचं समजून वाचा.

मास्तरांचं रसायन बरोबर आहे, पण दोष तेलाचा नाही, बाटलीच्या प्रवासाचा आहे. ताजं तेल हातावर घेऊन बघा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळपासचा वास आणि जिभेवर किंचित कडसर. रंगाचा वास आला तर ते फेकायचंच. माझ्या आजोबांकडे लोक आठवड्याला लागेल तेवढंच तेल गाळून न्यायचे. घागरी भरून ठेवत नव्हते. आता तेच तेल गोदामात चार महिने, दुकानात दोन महिने, मग तुमच्या फ्रिजच्या दारात तीन महिने. दार उघडलं की उजेड, झाकलं की अंधार. मी गिऱ्हाइकाला छोटी बाटली देतो, गाळल्याची तारीख हाताने लिहितो आणि सांगतो की महिन्या-दीड महिन्यात संपवा, भातावर, वरणावर, कोशिंबिरीवर वरून घाला. कढईत नको.

आणि कृपा करून हार्डवेअरच्या दुकानातून आणून पिऊ नका. मागे एक जण आला होता, म्हणे तिथे निम्म्या भावात मिळतं. त्या डब्यावर "बॉइल्ड" लिहिलेलं असतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घालतात. दरवाजासाठी आहे ते, माणसासाठी नाही.

माजघर

तुमच्यासारखे सगळे घाणेवाले असते तर मी हा धागा काढलाच नसता. बाबांच्या बाटलीवर गाळल्याची तारीख नव्हती. "हृदयमित्र" असं मात्र मोठ्या अक्षरांत होतं.

तारलीप्रेमी

मालवणातून एकच प्रश्न. ओमेगा-३ साठी एवढी धडपड कशाला? जवसातलं ओमेगा-३ शरीराला बदलून माशांत असतं तसं, म्हणजे ईपीए आणि डीएचए, करून घ्यावं लागतं, आणि त्यातलं थोडंसंच ईपीए होतं, डीएचए तर नाममात्र. तारल्या, बांगडे खा. आयतं मिळतं, वर सोलकढी.

तुळशीमाळ

आणि गळ्यात माळ असलेल्याने काय करायचं, समुद्राकडे बघत बसायचं? थोडं तर थोडं, पण जवसाशिवाय आमच्याकडे आहे काय? अक्रोड परवडत नाहीत.

तारलीप्रेमी

माळकऱ्यांना सूट. चटणी खा. माझा राग त्या बाटलीवर आहे.

संध्याकाळ_५१

मी वेगळ्या कारणाने जवसाच्या बाजूने आहे. पाळी जाण्याच्या काळात मला दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा निघायच्या. मैत्रिणीने सांगितलं म्हणून रोज दोन चमचे जवसाची पूड दह्यातून घ्यायला लागले. दोन महिन्यांत निम्म्याने कमी झालं. आता कुणी मला चाचण्या दाखवू नका. माझ्या अंगाला जे कळलं ते कळलं.

रसायन_मास्तर

ताई, तरीही एक दाखवतो, रागावू नका. अमेरिकेत १८८ बायकांवर नेमकी हीच परीक्षा झाली. निम्म्यांना जवसाची वडी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनजवसाची वडी, सहा आठवडे. दोन्ही गटांत साधारण तिसऱ्या हिश्शाच्या बायकांच्या वाफा निम्म्यावर आल्या. तुम्हाला फरक पडला हे खरंच आहे. तो जवसाने पडला का, एवढीच शंका आहे.

संध्याकाळ_५१

म्हणजे बिनजवसाच्या दह्यानेही पडला असता म्हणता. पडला असता तर पडला असता. मग मी जवसाचंच खाते, निदान पोट तरी साफ राहतं.

औषधवाली

पोटाचा विषय निघाला म्हणून लिहिते. दुकानात रोज गोळ्या देते, तेव्हा मी जवसाच्या विरोधात असेन असं वाटेल, पण बद्धकोष्ठावर जवस हे खरंच औषध आहे. युरोपच्या औषध नियामकाने त्याला त्यासाठी मान्यता दिलेली आहे: १० ते १५ ग्रॅम अख्खा किंवा जाडसर भरडलेला, दिवसातून दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी निदान १५० मिली पाणी. माजघर, तुमचं "कपाटात काम नाही" इथे चुकतं.

पण लोक जे विसरतात ते पाणी. जवस पाणी ओढून फुगतो. कोरडा फक्की मारून वर दोन घोट प्यायले तर तो आतच अडकून बसू शकतो. आतड्याला अडथळा असेल, गिळायला त्रास होत असेल तर अजिबात नको. दुसरं, तो चीक गोळ्यांनाही आपल्यात गुंडाळतो, म्हणून बाकीची औषधं आणि जवस यांत तासाभराचं अंतर ठेवा. आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा जवस किंवा तेल सुरू करू नका. यातलं काहीही "नैसर्गिक आहे, अपाय नाही" लिहिलेल्या संदेशात येत नाही.

माजघर

मान्य. बद्धकोष्ठापुरतं माझं वाक्य मागे घेते. माझ्या डोक्यात बाबा होते, पोट नव्हतं.

काढा_कडू

एक वाक्य मागे घेतलंत, अजून एक घ्या. जवसाचं पोटीस विसरलात? माझ्या आजीने माझ्या मांडीवरचं गळू त्यानेच फोडलं. जवसाचं पीठ पाण्यात शिजवून खिरीसारखं केलं, फडक्यात गुंडाळलं, आधी स्वतःच्या मनगटाला लावून ऊब बघितली आणि मग गळवावर. गार झालं की दुसरं. दुसऱ्या रात्री गळू फुटलं आणि मी पहिल्यांदा नीट झोपलो. एके काळी इंग्रजी दवाखान्यांतही हेच पोटीस बांधायचे.

औषधवाली

आजीचा हात आठवला. यात मुख्य काम उबेचं आहे. जवसाच्या खिरीत ऊब फार वेळ टिकते, म्हणून पोटीसाला तो निवडला. गरम पाण्याची घडीही तेच करते, फक्त लवकर गार होते. मधुमेह असेल, ताप असेल किंवा गळू चेहऱ्यावर असेल तर मात्र घरी काही बांधत बसू नका.

नवा_सभासद

जर्मनीतल्या योहाना बुडविग बाईंनी पनीर आणि जवसाच्या तेलाने कॅन्सर बरा केला होता, त्यावर कुणी का बोलत नाही?

माजघर

कारण बोलले तर माझा तोल जाईल. बुडविगबाई होत्या, चरबीच्या रसायनशास्त्रात त्यांचा अभ्यासही होता, हा आहार त्यांनी १९५० च्या दशकात मांडला. पण त्याने कॅन्सर बरा होतो हे दाखवणारी एकही नियंत्रित चाचणी आजवर झालेली नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी केमोची दुसरी फेरी पुढे ढकलून हेच केलं. पुढचं इथे लिहीत नाही.

कच्चा_लिंबू

सायनाइड राहिलं! कच्च्या जवसात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात म्हणे. मी स्मूदीत रोज चार चमचे कच्ची पूड घालतो. मरणार का?

रसायन_मास्तर

नाही. असतात हे खरं, युरोपात त्यावर मर्यादाही घातली आहे. थोडं प्रमाण शरीर निभावतं. पण रोज चार चमचे कच्चे कशाला? भाजलं की ती द्रव्यं कमी होतात. माजघर यांच्या आईने ताटली धरून जवस तडतडवला, तेव्हा चवीबरोबर हेही काम झालं. आणि अख्खे दाणे गिळत असाल तर ते गेले तसेच बाहेर येतात, थोडा दळूनच घ्या. दळलेला मात्र आठवड्यापुरताच, हवाबंद डब्यात.

तुळशीमाळ

चटणीत लसणाऐवजी काय घालावं? माळ आहे, लसूण चालत नाही.

बांधीवाला

सुकं खोबरं आन् जराशी चिंच घाला. पण तिला मंग आमची चटणी म्हणू नका.

माजघर

शेवटचा प्रश्न घाणावाल्यांना. बाबांची बाटली अर्धी उरलीय. पिणं बंद केलं, ओतून द्यायला जीव होत नाही. भाच्याने नवी बॅट घेतलीय, तिला चालेल का?

लाकडी_घाणा

बॅटवर आधीच पारदर्शक पट्टी चिकटवलेली नसेल तर चालेल. फडक्याने पातळ हात द्या, समोरची बाजू आणि कडा. दांडा जिथे पात्यात शिरतो त्या सांध्यावर नको. रात्रभर आडवी ठेवा. आणि एक नीट ऐका: तेल लागलेली चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, नाहीतर बाहेर मोकळी पसरून वाळवा.

माजघर

बाबा स्वतःच गॅलरीत बॅटला तेल चोळत बसलेत, भाच्याला हात लावू देत नाहीयेत. सकाळची गोळी माझ्यासमोर घेतली. चिंधी बादलीत आहे.